आठ मात्रा मोकळ्या

ती पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, विम्याची पोरगी.
हातात वही, पाय अनवाणी.
म्हणाली, काका, साच्यात वाळू कशी ठोकायची ते दाखवा.
मी म्हटलं, वाळू कुठाय?
वाळू नको, म्हणाली. नुसतं ठोका की.

एकतीस वर्षं उद्यमबागेत मोल्डर होतो,
पंपाचे साचे, ट्रॅक्टरचे साचे,
पण रिकाम्या हातानं कधी ठोकलं नव्हतं.
गुडघा वाकतो, कंबर मागं सरते,
खांद्यातून जोर उतरतो आणि शेवटी मनगट गप्प बसतं –
हे मला माहीतच नव्हतं, माझ्या अंगाला होतं.
वडगावातल्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये
सहा पोरं माझ्या मागं उभी राहून
माझं अंग उतरवून घेत होती,
परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याची वही उतरवतात तसं.

शाल्मली होनगेकर तिचं नाव. बेंगळुरात शिकून आलेली.
हा डान्स म्हणे आजचा,
म्हणजे घुंगरू नाहीत, देव नाही, राधा तर नाहीच.
मग गोष्ट कसली?
फुफ्फुसाची, म्हणाली.

फरशीवर खडूनं गोल काढला.
आत निंगाप्पा. तो वाळूचा कण.
केसाच्या जाडीत असे वीसेक बसतील.
दिसते ती धूळ नाही मारत, काका, दिसत नाही ती.
बाहेरून रुक्साना येते, अंगातली शिपाई पेशी,
त्याला मिठी मारते, गिळायला.
आणि तीच गळते. आवाज न करता.
निंगाप्पा तसाच उभा.
मग प्रज्वल. मिठी. गळला.
मग अष्टेकरांची जुळी, दोघी एकदम.
निंगाप्पा तसाच.
पडलेल्यांची रास त्याच्याभोवती घट्ट होत जाते.
ही रास म्हणजे गाठ, ती म्हणाली.

मी बाहेर गेलो.
विडी सोडून नऊ वर्षं झाली, तरी खिसा चाचपला.

इराप्पाला असं कुणी सांगितलंच नाही.
डॉक्टर टीबी म्हणाले. सहा महिने गोळ्या गिळल्या.
दुसरे डॉक्टर म्हणाले, टीबी नव्हेच.
तोवर त्याला जिन्याच्या चार पायऱ्या म्हणजे यल्लम्माचा डोंगर.
गोकाककडचा माणूस. लॅडलचा एक दांडा त्याचा, एक माझा,
मध्ये रसरसतं लोखंड.
तो म्हणायचा ओंदु, एरडु, मूरु.
मी एक, दोन, तीन.
बाहेर बोर्डांना काळं फासलं जायचं, बस बंद व्हायच्या,
आत त्याचं मूरु आणि माझं तीन एकदमच पडायचं.
एकदा जरी मागंपुढं पडलं असतं
तर मला आज पाय नसते.

चहा पिताना एवढंच बोललो होतो शाल्मलीला.
तिनं तेच उचललं.
पोरं आता मोजतात
ओंदु दोन मूरु चार
ऐदु सहा एळु आठ.
आधी अडखळायची, हसत सुटायची.
आता विचारलं तर सांगता येत नाही त्यांना
कुठला आकडा कुणाचा.

पहिला प्रयोग मच्छे गावात, शाळेच्या पटांगणात.
माणसं खुर्च्यांपेक्षा जास्त, निम्मी फाउंड्रीचीच.
गाणं कधी लावूलाय गा? कुणीतरी ओरडलं.
शेवटच्या मिठीनंतर तिनं आठ मात्रा मोकळ्या सोडल्या होत्या,
वाद्य बंद, पोरं जागच्या जागी.
तालमीत मी विचारलं होतं, इथं काय?
इथं लोकांचं काम, म्हणाली होती.

ओंदु.
तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं.
दोन.
भिंतीकडून त्याला उत्तर आल्यासारखं.
मूरु, चार –
ओले, कोरडे, पदराआडचे.
तोंडं दिसत नव्हती, आवाजावरून ओळखत गेलो:
हा कोअर शॉपचा. ही झाडलोट करायची.
हा ग्राइंडिंगचा, अजून कामावर जातो.
सहाला माझ्याही घशाशी आलं.
दम धरला.
एळु.
शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवून गेलं होतं.
आठ म्हणायचं होतं.
एंटु, म्हटलं मी.
मग खोकलो.